क्रूझवर स्वीट घेतला, तर जेवण कुठं आणि कसं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिकेत नोकरीला आहेत. आईवडील काही महिन्यांसाठी तिकडं गेले की मुलं हौसेनं क्रूझचं तिकीट काढतात, आणि आईबाबांना ऐसपैस राहता यावं म्हणून साध्या खोलीऐवजी ‘स्वीट’ म्हणजे मोठी खोली घेतात. मग बुकिंगचा मेल येतो. त्यात ‘सी क्लास’, ‘कोस्टल किचन’, ‘स्पेशालिटी डायनिंग’, ‘ग्रॅच्युइटी’ असे शब्द असतात आणि घरात प्रश्नांना तोंड फुटतं. जेवणाचे पैसे यात आले की वेगळे? आपल्याला वेगळ्या ठिकाणी का बसवणार? मुलगा-सून आपल्याबरोबर जेवतील ना? वरण-भात मिळेल का?

इथल्या ट्रॅव्हल एजंटला विचारलं तर तो सांगतो, “सगळं इन्क्लुडेड आहे काका, तुम्ही निर्धास्त जावा.” सगळं इन्क्लुडेड नसतं. काय असतं आणि काय नसतं हे निघण्याआधी माहीत असलं, तर बोटीवर पाकीट हातात घेऊन अवघडून उभं राहायची वेळ येत नाही. म्हणून हे सगळं मुळापासून सांगतो.

आधी साध्या खोलीतल्या प्रवाशाचं जेवण

क्रूझच्या तिकिटात खोली, प्रवास आणि जेवण हे तिन्ही धरलेलं असतं. सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची खोली घेतली तरी सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, मधलं खाणं आणि रात्रीचं जेवण मिळतंच. त्यासाठी दोन मुख्य जागा असतात. एक बुफे, जिथं ताट घेऊन आपल्या हातानं वाढून घ्यायचं. दुसरं मुख्य भोजनगृह, जिथं टेबलावर बसायचं आणि वेटर मेनूकार्ड आणून देतो. मेनूवरचं काहीही मागवा, दोन सूप मागवा, गोड दोनदा घ्या, त्याचं बिल येत नाही. फक्त काही ठरावीक महागड्या पदार्थांपुढं किंमत छापलेली असते, तेवढी बघून घ्यायची.

मुख्य भोजनगृहात रात्री बहुधा दोन पाळ्या असतात. पहिली साडेपाच-सहाच्या सुमाराला, दुसरी आठ-साडेआठला. टेबल नेमून दिलेलं असतं, वेटर सबंध सफरभर तोच. ज्यांना वेळेचं बंधन नको त्यांच्यासाठी ‘येईल तेव्हा बसा’ असाही पर्याय बऱ्याच कंपन्या देतात. त्यात गर्दीच्या वेळी थोडं थांबावं लागतं.

याशिवाय बोटीवर काही खास हॉटेलं असतात: इटालियन, जपानी, स्टेक मिळणारी वगैरे. त्यांना ‘स्पेशालिटी’ म्हणतात. तिथं गेलं की माणशी वेगळी रक्कम द्यावी लागते, आणि ती बऱ्याचदा खोलीच्या खात्यावर परस्पर चढते.

एवढं लक्षात आलं की पुढचं सोपं आहे.

मग स्वीटवाल्याला वेगळं काय मिळतं?

स्वीट म्हणजे मोठी खोली. बसायला वेगळी जागा, बहुतेक वेळा गॅलरी, मोठं न्हाणीघर. पण गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी खोलीबरोबर आणखी एक गोष्ट विकायला काढली आहे. ती म्हणजे फक्त स्वीटवाल्यांसाठी राखून ठेवलेलं भोजनगृह.

आपल्याकडच्या लग्नात विहिणीची पंगत असते. आचारी तोच, कोठी तीच, जिलबी त्याच कढईतली. पण त्या पंगतीला ताटाभोवती रांगोळी असते, चांदीची वाटी-फुलपात्रं असतात, वाढपी मागंच उभा असतो, आग्रह निराळा असतो, आणि मागं दुसरी पंगत खोळंबली आहे म्हणून कुणी उठायची घाई करत नाही. स्वीटवाल्यांचं भोजनगृह म्हणजे बोटीवरची विहिणीची पंगत.

माझ्या मते या सगळ्या विषयातली मुख्य गोष्ट हीच आहे. स्वीटमुळं अन्न जास्त मिळत नाही, कारण साध्या खोलीतल्या माणसालाही पोटभर आणि हवं तितकं मिळतंच. स्वीटमुळं मिळते ती जागा, मिळतो तो वेळ, आणि कुणीतरी आपली विचारपूस करतं. त्याची किंमत आपल्याला किती वाटते हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

बोटीची कोठी खरोखरच एक असते. सफर सुरू व्हायच्या दिवशी बंदरावर ट्रक लागतात आणि सबंध सफरीचा शिधा काही तासांत बोटीवर चढवला जातो. भाजी, मासे, पीठ, दूध सगळं एकाच साठ्यातून वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत जातं. स्वीटच्या भोजनगृहाच्या मेनूवर खास तिथले असे पदार्थ असतात, ताटाची मांडणी अधिक निगुतीची असते, आणि थोड्याच लोकांसाठी करायचं असल्यानं पदार्थ गरमागरम टेबलावर येतो. हजारभर माणसांना एका वेळी वाढताना ते जमणं अवघडच.

तिथं जेवायला जाणं कसं असतं ते सांगतो. दारात एक मुलगी उभी असते. तुमचं कार्ड ती यंत्राला लावते. हे कार्ड म्हणजेच खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि खात्याची वही, सगळं एकात. कोणत्या खोलीतले तुम्ही हे तिला समोरच्या पडद्यावर दिसतं. मग रिकाम्या टेबलांपैकी आवडेल तिथं बसवतात. टेबल नेमलेलं नसतं, पाळीही नसते. उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळांमध्ये केव्हाही जा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वेटरला तुमचं नाव, तुम्ही चहात साखर घेता की नाही, पाणी साधं हवं की थंड, हे पाठ झालेलं असतं. वयस्कर माणसांना या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं, आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

सकाळचा फरक तर सगळ्यात मोठा. ज्या दिवशी बोट बंदराला लागणार असते, त्या दिवशी आठच्या सुमाराला बुफेत पाय ठेवायला जागा नसते. हातात ताट, काखेत पर्स, आणि टेबल शोधत फिरायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो त्रास सोसत नाही. त्याच वेळी स्वीटच्या भोजनगृहात शांतपणे बसून ऑम्लेट किंवा टोस्ट मागवता येतो. रात्रीच्या जेवणापेक्षा या नाश्त्यासाठीच स्वीट घ्यावा असं मला कधीकधी वाटतं.

पण सगळे स्वीट सारखे नसतात

इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो. रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घेऊ, कारण अमेरिकेतली आपली मुलं बऱ्याचदा हीच कंपनी निवडतात. या कंपनीनं २०१६ साली स्वीटच्या तीन पायऱ्या केल्या: सी, स्काय आणि स्टार. सगळ्यात खालची पायरी सी. तिच्यात ज्युनिअर स्वीट येतो. त्यांच्या स्वीटवाल्यांच्या भोजनगृहाचं नाव कोस्टल किचन. ज्युनिअर स्वीटवाल्याला तिथं फक्त रात्रीचं जेवण मिळतं. नाश्ता आणि दुपारचं जेवण तिथं हवं असेल तर स्काय किंवा स्टार पायरीचा स्वीट लागतो. म्हणजे मी वर ज्या शांत नाश्त्याचं कौतुक केलं, तो ज्युनिअर स्वीटमध्ये येतच नाही. नावात स्वीट आहे म्हणून सगळं मिळेल असं समजून गेलेली माणसं पहिल्याच सकाळी दारातून परत फिरतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी अडचण बोटीची. कोस्टल किचन फक्त या कंपनीच्या ओएसिस, क्वांटम आणि आयकॉन या मोठ्या वर्गांतल्या बोटींवर आहे. जुन्या, मध्यम आकाराच्या बोटींवर तसं वेगळं भोजनगृह नाही. त्यामुळं बुकिंग करताना स्वीटचं नाव जितकं महत्त्वाचं, तितकंच बोटीचं नावही.

स्टार ही सगळ्यात वरची पायरी. तिथं स्पेशालिटी हॉटेलांचे पैसे, पेयांचं पॅकेज, इंटरनेट आणि टिप हे सगळं भाड्यातच असतं, आणि ‘रॉयल जिनी’ नावाचा एक माणूस तुमच्या दिमतीला असतो. टेबलं राखून ठेवणं, खोलीत जेवण आणून देणं ही त्याची कामं. भाडंही अर्थातच तसंच.

इतर कंपन्यांचं थोडक्यात. सेलेब्रिटी या कंपनीच्या स्वीटवाल्यांचं भोजनगृह लुमिनाए, ते २०१५ पासून आहे. एमएससी या कंपनीनं २००८ साली फँटासिया या बोटीवर ‘यॉट क्लब’ सुरू केला. त्यात वेगळं भोजनगृह, वेगळी बैठकीची जागा आणि दिमतीला बटलर असतो, पेयंही भाड्यात येतात. नॉर्वेजियन कंपनीचा असाच विभाग ‘हेवन’ या नावानं ओळखला जातो. क्युनार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीत तर खोलीच तुमचं भोजनगृह ठरवते. साध्या खोल्यांना ब्रिटानिया, त्यावर प्रिन्सेस ग्रिल, आणि सगळ्यात वर क्वीन्स ग्रिल. ग्रिलमध्ये टेबल सबंध सफरभर तुमच्याच नावावर असतं, वेळ तुमच्या सोयीची.

हा भेदभाव नाही का?

हा प्रश्न आपल्याकडं हमखास विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा. एकाच बोटीवर काहींना वेगळ्या दारानं जेवायला नेणं हे पंक्तिप्रपंच वाटू शकतं.

जुन्या बोटींवर तो खरोखरच होता. १९१२ सालच्या टायटॅनिकवर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची भोजनगृहं वेगळी होती, आणि पहिल्या वर्गासाठी आणखी एक खास हॉटेल होतं, जिथं वेगळे पैसे देऊन जेवायचं. म्हणजे आजच्या स्पेशालिटी हॉटेलांची पद्धत तेव्हाही होतीच. पण वर्गावर फक्त जेवणच ठरत नव्हतं. बोटीच्या कुठल्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, फिरायचं, कुठल्या जिन्यानं चढायचं, सगळं वर्गावर ठरायचं.

पुढं विमानं आली, समुद्रमार्गे परदेशी जाणारे कमी झाले आणि बोटी सुट्टीच्या सफरींकडं वळल्या. सुट्टीवर आलेल्या माणसाला वर्गांच्या भिंती नको होत्या. त्यामुळं बहुतेक क्रूझ एकवर्गी झाल्या, आणि बिनखिडकीच्या खोलीतला माणूसही तोच नाटकाचा खेळ, तोच तरणतलाव, तेच भोजनगृह वापरू लागला. मग बोटी अवाढव्य होत गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेली आयकॉन ऑफ द सीज सगळे पलंग भरले तर सुमारे ७,६०० प्रवासी घेते. एवढं तर एखादं मोठं खेडंच झालं. इतक्या गर्दीत ज्यांना शांतता हवी आणि ज्यांची पैसे मोजायची तयारी आहे, त्यांच्यासाठी कंपन्यांनी मोठ्या बोटीत छोटी बोट काढून दिली.

मला स्वतःला यात फारसं वावगं वाटत नाही, कारण खालच्या माणसाचं काही काढून घेतलेलं नाही. त्याचं ताट भरलेलंच आहे. मात्र बोटीची जागा मर्यादित असते. राखीव डेक वाढत गेले आणि सगळ्यांचे डेक आक्रसत गेले, तर तक्रार नक्की करावी.

एवढे पैसे भरले, मग बाकी सगळं फुकट ना?

नाही. क्रूझ कंपन्यांची मिळकत दोन वाटांनी येते: तिकीट, आणि बोटीवर चढल्यानंतर प्रवाशानं केलेला खर्च. रॉयल कॅरिबियन समूहाच्या २०२३ च्या हिशेबात सुमारे १३.९ अब्ज डॉलरच्या मिळकतीपैकी साधारण ४.३ अब्ज डॉलर या दुसऱ्या वाटेनं आले. म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास. बोटीवर प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी विकायला का असतं, ते यावरून कळतं.

स्टारसारखी वरची पायरी सोडली, तर स्वीटवाल्यालाही स्पेशालिटी हॉटेलात पैसे द्यावे लागतात. त्यावर सेवेपोटी १८ टक्के चढतात. समजा माणशी ५० डॉलर लिहिलेत, तर पडतात ५९. दोघांचे ११८. मेनूवरची किंमत वाचून मनात रुपयांचा हिशेब केलेला असतो, तो इथं चुकतो.

मद्य आणि शीतपेयं बहुतेक ठिकाणी वेगळी. काही कंपन्या स्वीटच्या वरच्या विभागांत ती भाड्यात धरतात, काही फक्त संध्याकाळच्या ठरावीक वेळेत स्वीटवाल्यांच्या बैठकीत देतात. साधं पाणी, चहा, साधी कॉफी, लिंबूपाणी यांचे पैसे सहसा पडत नाहीत.

आणि टिप, म्हणजेच मेलमधली ‘ग्रॅच्युइटी’. अमेरिकी कंपन्यांत ती ऐच्छिक म्हणत म्हणत रोज खात्यावर चढते. रॉयल कॅरिबियनचा नोव्हेंबर २०२४ पासूनचा दर साध्या खोल्यांना आणि ज्युनिअर स्वीटना माणशी रोज १८.५० डॉलर आणि त्यावरच्या स्वीटना २१ डॉलर असा होता. दोघांच्या सात रात्रींचे वरच्या स्वीटमध्ये २९४ डॉलर होतात, साध्या खोलीत २५९. हे पैसे खोली आवरणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसांमध्ये वाटले जातात. ते कमी करून मागणं शक्य असतं, पण मी कुणाला तसा सल्ला देणार नाही. त्या बोटीवर राबणाऱ्यांत गोव्याची, कोकणातली, आपल्याकडची मुलं असतात. घरापासून कित्येक महिने लांब राहून रोज दहा-बारा तास ती राबतात आणि घरी पैसे पाठवतात.

खोलीत मागवलेल्या जेवणाचाही नियम बघा. साध्या खोलीतून मागवलं तर बऱ्याच कंपन्या दर खेपेला वेगळे पैसे लावतात, मोठ्या स्वीटला ते माफ असतं. शिवाय मोठ्या स्वीटमध्ये रात्री मुख्य भोजनगृहाच्या मेनूवरचं जेवण खोलीत मागवता येतं. दिवसभर बंदरावर फिरून पाय दुखत असतील, तर गॅलरीत बसून सूप-भात खाण्याची ही सोय फार उपयोगी पडते. लोक ती विसरतात.

आम्ही स्वीटमध्ये, मुलगा-सून साध्या खोलीत. एकत्र जेवता येईल?

हा प्रश्न अमेरिकी प्रवासी क्वचितच विचारतात, आपल्याकडं मात्र तो पहिला असायला हवा. कारण आपली मुलं हेच करतात. आईबाबांना स्वीट, स्वतःला आणि नातवंडांना आतली स्वस्त खोली. आपण कसंही राहू, त्यांना त्रास नको, हा त्यामागचा विचार.

उत्तर असं की स्वीटवाल्यांच्या राखीव भोजनगृहात साध्या खोलीतल्या माणसाला सहसा घेत नाहीत. नातवाचा हात धरून गेलात तरी दारातली मुलगी नम्रपणे नकार देते, कारण तिच्या पडद्यावर त्याची खोली दुसरीच दिसते. ती कठोर असते म्हणून नव्हे. एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागतं आणि मग राखीव जागा राखीव उरत नाही. पण आईबाबांच्या मनाला ते लागतं. मुलानं एवढा खर्च केला आणि आम्ही दोघं वेगळे बसून जेवतोय, या विचारानं घास उतरत नाही.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. स्वीटवाल्याला मुख्य भोजनगृहाचं दार कधीच बंद नसतं. तेव्हा बुकिंग करतानाच सगळ्या खोल्यांची बुकिंगं एकमेकांना जोडून घ्या, आणि रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसाठी एकच टेबल, एकच वेळ मागा. कुटुंब मोठं असेल तर आठ-दहा जणांचं टेबलही मिळतं. तुमच्या पायरीत बसत असेल तर नाश्ता तुम्ही स्वीटच्या भोजनगृहात करा, रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र. राखीव जागेची सोयही मिळते आणि कुटुंबही एका टेबलावर बसतं.

मुलगा जर अजून बुकिंग करायच्या विचारात असेल, तर त्याला एक सांगा. एक ज्युनिअर स्वीट आणि एक आतली खोली घेण्यापेक्षा शेजारी-शेजारी दोन गॅलरीवाल्या खोल्या घेतल्या, तर कुटुंब एकत्र राहतं आणि खर्चही कदाचित तेवढाच होतो. काही बोटींवर अशा खोल्यांच्या मधलं दार उघडता येतं. आजी-आजोबा आणि नातवंडांना त्याहून मोठं सुख नाही.

शाकाहारी माणसाचं काय?

१८८८ साली गांधीजी मुंबईहून बोटीनं विलायतेला निघाले, तेव्हा काटे-चमचे वापरायची सवय नव्हती आणि मेनूवरचं काय बिनमांसाचं आहे हे वेटरला विचारायचा धीर होत नव्हता. म्हणून ते भोजनगृहात न जाता खोलीतच, बरोबर नेलेल्या मिठाई आणि फळांवर राहिले, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. सांगायचं कारण एवढंच की विचारायला संकोच करू नका. आज विचारलं की मिळतं.

पण काय विचारायचं ते नीट माहीत हवं. तिकडं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर त्यात अंडं धरलेलं असतं. केकमध्ये, ताज्या पास्त्यात, काही सॉसमध्ये अंडं असतं. दिसायला साधं भाजीचं सूप असलं तरी ते कोंबडीच्या किंवा मटणाच्या पाण्यात उकळलेलं असू शकतं. जेलीसारख्या थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असतं, ते जनावरांपासून काढतात. थाई जेवणात माशाचं पाणी घालतात. म्हणून “अंडं नको, मांसाच्या रशातलं नको, जिलेटिन नको” असं तिन्ही सांगा. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदही सांगा. वेटर वहीत लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला सांगावंही लागत नाही.

आता माझं प्रामाणिक मत. भारतीय शाकाहारी जेवण हवं असेल तर स्वीटच्या छोट्या भोजनगृहापेक्षा मुख्य भोजनगृह बरं पडतं. तिथं रोज शेकडो माणसांसाठी रांधतात, त्यात भारतीय आचारी असण्याची शक्यता जास्त. रॉयल कॅरिबियनच्या मुख्य भोजनगृहात भारतीय शाकाहारी पदार्थ मागता येतो, आणि हेडवेटरला आदल्या रात्री सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी डाळ, एखादी भाजी, भात, पापड असं टेबलावर येतं. हेडवेटर म्हणजे बऱ्याच टेबलांवर देखरेख करणारा माणूस. कोस्टल किचनचा मेनू कॅलिफोर्निया आणि भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीचा आहे. चीज, ऑलिव्ह, सॅलड, भाजलेल्या भाज्या. चांगलं असतं, पण चौथ्या दिवशी बेळगावकराच्या जिभेला तिखट-मीठ आठवायला लागतं.

म्हणजे ज्या जेवणासाठी जास्त पैसे मोजले, ते सोडून लोक साध्या खोलीतल्यांच्या भोजनगृहात डाळ-भात खायला जातात. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. स्वीटची जागा पाहिजे तेव्हा वापरायची, नको तेव्हा नाही.

बरोबर काय न्यावं? बहुतेक कंपन्या दुकानातला सीलबंद, कोरडा खाऊ चालवून घेतात. घरी केलेलं, ओलं किंवा नाशवंत चालत नाही. सीलबंद शेंगा चटणी, चिवडा, खाकरा ठीक. कुंद्यासारखा दुधाचा पदार्थ नको. आणि बोटीवरून बंदरावर उतरताना खिशात केळं-सफरचंद ठेवू नका. बऱ्याच देशांत बाहेरची फळं नेणं हा गुन्हा धरतात आणि दंड होतो. चतुर्थी-एकादशीला फळं, दही, उकडलेला बटाटा सहज मिळतो. साबुदाणा मात्र विसरा.

कपडे

याची काळजी उगाच करतात. रात्रीच्या जेवणाला हाफ पँट आणि रबरी चप्पल नको, एवढं पाळलं तर पुष्कळ. एक-दोन रात्री जरा ठेवणीतले कपडे घालायच्या असतात. साडी, पंजाबी ड्रेस, बंद गळ्याचा कोट किंवा झब्बा-पायजमा कुठंही शोभून दिसतो.

मग घ्यावा की नाही?

स्वीटचं भाडं आणि गॅलरीवाल्या खोलीचं भाडं यातला फरक कागदावर मांडा. मग स्वीटमुळं जे मिळणार त्यातलं आपण एरवी पैसे देऊन खरंच घेतलं असतं ते वजा करा. इथं प्रामाणिक राहायला हवं. जे दारू पीत नाहीत त्यांच्यासाठी पेयांच्या पॅकेजची किंमत शून्य आहे, जाहिरातीत ती कितीही लिहिलेली असो. जे जपानी हॉटेलात जाणारच नाहीत, त्यांना ते मोफत मिळून उपयोग नाही. उरलेली रक्कम म्हणजे मोठी खोली आणि निवांत पंगत यांची किंमत. वय सत्तरीच्या पुढं असेल, गर्दीचा त्रास होत असेल, रांगेत उभं राहणं जमत नसेल, तर ती रक्कम योग्य ठिकाणी गेली असं मी म्हणेन. पन्नाशीतलं, हिंडतं-फिरतं जोडपं असेल तर गॅलरीवाली खोली पुरे, आणि उरलेल्या पैशांत एखाद-दुसऱ्या रात्री स्पेशालिटी हॉटेलात जाऊन यावं.

अमेरिकेला जायचं नसेल तर जवळचे पर्याय आहेत. सिंगापूरहून सुटणाऱ्या गेंटिंग ड्रीमवर ‘पॅलेस’ नावाचा स्वीटवाल्यांचा विभाग आहे. त्याला स्वतःचं भोजनगृह आणि बटलर आहे. त्या बोटीवर भारतीय प्रवासी इतके असतात की शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय सगळ्यांसाठीच चांगली आहे, त्यामुळं दोन-तीन रात्रींच्या सफरीला फक्त जेवणासाठी पॅलेस घेण्याची गरज नाही. आणि अगदी दाराशी म्हटलं तर २०२१ पासून मुंबई-गोवा मार्गावर धावणारी कॉर्डेलियाची एम्प्रेस. बेळगावहून लोंढ्यामार्गे वास्कोला उतरलं की मुरगाव बंदर जवळच. १९९० च्या बांधणीची ही बोट पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होती. आजच्या महाकाय बोटींपुढं ती लहान आहे, म्हणून वर सांगितलेले राखीव डेक आणि तीन पायऱ्या तिच्यावर शोधू नका. जेवण मात्र भारतीय माणसासाठीच रांधलेलं असतं. पहिल्यांदा क्रूझ करून बघायची असेल तर मी इथूनच सुरुवात करा म्हणेन.

बुकिंगच्या आधी आणि पहिल्या दिवशी

एजंटला किंवा मुलाला हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या: बोटीचं नाव काय, स्वीट कुठल्या पायरीचा, राखीव भोजनगृहात तिन्ही वेळा जेवण आहे की फक्त रात्री, टिप भाड्यात आहे की वेगळी. शाकाहाराची, जैन जेवणाची, मधुमेहाची किंवा ॲलर्जीची सूचना निघण्याच्या किमान दीड-दोन महिने आधी कंपनीला कळवा. शिधा भरण्याआधी कळलं तरच त्याचा उपयोग होतो.

बोटीवर चढाल त्या दुपारी सगळे बुफेकडं धावतात. तुम्ही आधी मुख्य भोजनगृहात जा. त्या वेळी तिथं टेबलांच्या नोंदी घ्यायला माणसं बसलेली असतात. तुमचं टेबल आणि मुलाचं टेबल एकच आहे का ते बघा, नसेल तर तिथल्या तिथं बदलून घ्या. पहिल्या दिवशी हे होतं, तिसऱ्या दिवशी होत नाही. हेडवेटर कोण ते विचारून त्याला भेटा, काय खाता आणि काय खात नाही ते सांगा, आणि उद्या रात्रीची डाळ आत्ताच सांगून ठेवा.